पन्नास तासिकांचे पर्यावरण

अभ्यासक्रम शिक्षकाच्या हाती येतो तो तयार होऊन, छापून. घटक क्रमांक, घटकाचे नाव, समोर तासिकांची संख्या आणि शेवटी गुणांची विभागणी. जून महिन्यात आपण तो कागद पाहतो, वेळापत्रकात बसवतो आणि शिकवायला लागतो. हा कागद कोणी लिहिला, एका घटकाला आठ तासिका आणि दुसऱ्याला दोनच का, एखादा विषय आला कोठून आणि एखादा गेला कोठे, हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही. विज्ञानातील शोधांच्या आणि संशोधकांच्या कथा पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. पण ते शोध ज्या कागदावरून वर्गापर्यंत पोचतात, त्या कागदाचा इतिहास मात्र फारसा लिहिला जात नाही.

या लेखात अशा एकाच अभ्यासक्रमाची हकीकत पाहू. कला, वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी अशा कोणत्याही शाखेच्या पदवीसाठी सक्तीचा असलेला 'पर्यावरण अभ्यास' हा तो अभ्यासक्रम. तो निवडण्याची कारणे तीन. एक, तो कसा जन्माला आला हे स्पष्टपणे सांगता येते. दोन, त्याला आकार देण्याचे काम आपल्या पुण्यातून झाले. आणि तीन, त्याचे पुढे जे झाले त्यात शिक्षकाच्या वाट्याला नेमके काय येते, हे इतर कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा येथे अधिक ठळकपणे दिसते.

शिकवणारे वेगळे, ठरवणारे वेगळे

सुरुवात थोडी मागून करायला हवी. १८५४ साली ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्षणविषयक खलिता आला. 'वुडचा खलिता' म्हणून तो प्रसिद्ध आहे. हिंदुस्थानात विद्यापीठे स्थापन करावीत आणि त्यांचा नमुना लंडन विद्यापीठाचा असावा, अशी त्यात शिफारस होती. त्या काळचे लंडन विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवी, परीक्षा घेई आणि पदव्या देई. त्याच नमुन्यावर १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते.

या व्यवस्थेचा एक परिणाम आजही आपल्या अंगवळणी पडलेला आहे. शिकवणारा एक आणि काय शिकवायचे ते ठरवणारा दुसरा, ही विभागणी तेव्हाच झाली. पुढे नाशिकला १९२४ साली गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले. आज आपण त्याला एच.पी.टी. महाविद्यालय म्हणून ओळखतो. तेथील प्राध्यापकांनी काय शिकवायचे ते मुंबईत ठरे. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते पुण्यात ठरू लागले. अभ्यासमंडळ, विद्यापरिषद ही नावे कायद्यात आली, त्यांची रचना वेळोवेळी बदलली, त्यांवर महाविद्यालयांतील शिक्षकही जाऊ लागले. तरीही शेकडो वर्गांसाठी एक कागद, ही मूळ कल्पना कायम राहिली.

असा कागद बदलणे किती कठीण असते याचे उदाहरण रानड्यांच्याच चरित्रात आहे. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठीसारख्या देशी भाषा सुरुवातीच्या काही वर्षांतच वगळल्या गेल्या आणि त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषा आल्या. मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणून रानडे वर्षानुवर्षे झगडले. यश आले ते एम.ए.च्या परीक्षेपुरते आणि तेही १९०१ साली. त्याच वर्षी जानेवारीत रानडे वारले. विद्यापीठाचा पहिल्या तुकडीचा पदवीधर, पुढे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश झालेला माणूस. त्यालाही अभ्यासक्रमात एक विषय घालण्यासाठी एवढा काळ लागला.

या इतिहासात आणखी एक नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मुंबई विद्यापीठाने स्वतः शिकवायला सुरुवात केली तेव्हा १९१९ साली समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून पॅट्रिक गेडीस यांना नेमले. गेडीस मुळात जीवशास्त्रज्ञ, टी. एच. हक्स्ले यांचे विद्यार्थी. शहर समजून घ्यायचे तर आधी पायी फिरून त्याची पाहणी करा, नकाशा काढा, नदी, टेकडी, बाजार आणि वस्ती यांचा एकमेकांशी संबंध पाहा, मगच सुधारणेची योजना आखा, असा त्यांचा आग्रह असे. १९२४ साली ते मुंबई सोडून गेले. समाजशास्त्र विभाग राहिला आणि वाढला. पण परिसर-पाहणी हा प्रत्येक पदवीधराच्या शिक्षणाचा भाग व्हावा, ही गोष्ट मात्र पुढची ऐंशी वर्षे कोणत्याही सक्तीच्या अभ्यासक्रमात आली नाही. ती आली तेव्हा विद्यापीठाच्या सभेतून न येता न्यायालयातून आली.

न्यायालयातून आलेला विषय

दिल्लीचे वकील एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल केली होती. पर्यावरणाचे कायदे पाळले जायचे असतील तर लोकांना त्या विषयाची माहिती हवी, असे तिचे साधे म्हणणे होते. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने आदेश दिले. चित्रपटगृहांनी पर्यावरणविषयक पारदर्शिका विनामूल्य दाखवाव्यात, आकाशवाणी आणि दूरदर्शनने रोज काही मिनिटे या विषयाला द्यावीत, शाळांमध्ये पर्यावरण हा विषय टप्प्याटप्प्याने सक्तीचा व्हावा आणि महाविद्यालयांत तो सक्तीचा करता येईल का, याचा विचार विद्यापीठ अनुदान आयोगाने करावा, असा त्यांचा आशय होता.

आदेश निघाला म्हणजे विषय वर्गात आला असे होत नाही. बारा वर्षे गेली. मेहता पुन्हा न्यायालयात गेले. १८ डिसेंबर २००३ रोजी न्यायालयाने शालेय अभ्यासक्रमाबद्दल नव्याने आदेश दिले आणि जुलै २००४ मध्ये एन.सी.ई.आर.टी.ने केलेला अभ्यासक्रम सर्व राज्यांनी स्वीकारावा असे सांगितले. याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम तयार करवून घेतला.

त्यासाठी तज्ज्ञांची एक समिती नेमण्यात आली. समितीत पुण्याबरोबरच हैदराबाद, चेन्नई आणि गुवाहाटी येथील प्राध्यापक होते. प्रमुख होते पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेचे संचालक डॉ. इराच भरुचा. भरुचा हे व्यवसायाने शल्यचिकित्सक. वन्यजीवांचे छायाचित्रण आणि जंगलांचा अभ्यास करता करता ते पर्यावरण शिक्षणाकडे वळले. अभ्यासक्रमासाठीचे पाठ्यपुस्तकही आयोगाने त्यांच्याकडूनच लिहून घेतले.

तासांचा हिशेब

आता त्या कागदाकडे पाहू. एकूण तासिका पन्नास. त्यांची वाटणी अशी : विषयाची ओळख २, नैसर्गिक संसाधने ८, परिसंस्था ६, जैवविविधता ८, प्रदूषण ८, सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण ७, लोकसंख्या आणि पर्यावरण ६ आणि क्षेत्रीय काम ५.

ही वाटणी करताना समितीपुढे कोणती अडचण असेल याची कल्पना आपल्याला करता येते. हा अभ्यासक्रम ज्याने दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक उघडलेले नाही अशा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यासाठी होता आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठीही तोच होता. नाशिकसाठी होता तसाच गुवाहाटीसाठीही होता. पहिल्याला कठीण जाऊ नये आणि दुसऱ्याला पोरकट वाटू नये, एका प्रदेशापुरता होऊ नये आणि सगळीकडे सारखाच कोरडाही होऊ नये, असे सगळे एकाच वेळी साधायचे होते. अशा वेळी कोणतीही समिती जे करते तेच येथे थोडेफार झाले. काही वगळण्याऐवजी सगळ्याला थोडी थोडी जागा दिली गेली.

प्रदूषणाचाच घटक घ्या. हवा, पाणी, माती, समुद्र, ध्वनी आणि उष्णता यांचे प्रदूषण, किरणोत्साराचे धोके, घनकचरा व्यवस्थापन, प्रदूषण रोखण्यात व्यक्तीची भूमिका, प्रदूषणाची काही उदाहरणे, आणि त्याच घटकात पूर, भूकंप, चक्रीवादळ आणि दरडी यांचे आपत्ती व्यवस्थापन. एवढ्या सगळ्यासाठी तासिका आठ. म्हणजे पाण्याच्या प्रदूषणाच्या वाट्याला एक तासिकाही पुरती येत नाही. 'हवामान बदल' हा विषय तर सहाव्या घटकातील एका ओळीत, आम्लपर्जन्य, ओझोनचा थर आणि अणु-अपघात यांच्या सोबतीने बसवलेला होता.

मात्र त्याच कागदात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. परीक्षेचे गुण शंभर. त्यांपैकी पंचवीस क्षेत्रीय कामाला. म्हणजे पन्नासांपैकी पाच, एक दशांश तासिका. आणि गुण मात्र एक चतुर्थांश. तासांच्या हिशेबात जे देता आले नाही ते समितीने गुणांच्या हिशेबात देऊन ठेवले, असा याचा सरळ अर्थ लागतो. क्षेत्रीय कामाचे स्वरूपही कागदावर स्पष्ट लिहिलेले होते : जवळची नदी, जंगल, माळरान किंवा टेकडी पाहून तेथील नैसर्गिक संपत्तीची नोंद करणे, जवळची एखादी प्रदूषित जागा पाहणे, परिसरातील नेहमीच्या वनस्पती, कीटक आणि पक्षी ओळखणे, तळे, नदी, डोंगरउतार अशा साध्या परिसंस्थांचा अभ्यास करणे. गेडीस यांना जे अभिप्रेत होते त्याच्या बरेच जवळ जाणारे हे काम आहे.

आकड्यालाही गाव असते

क्षेत्रीय काम हे पुस्तकी भागाला जोडलेले शेपूट नव्हे, हे स्पष्ट होण्यासाठी एक उदाहरण देते. पाण्याचे प्रदूषण शिकवताना बी.ओ.डी. ही राशी येते. पाण्यातील सेंद्रिय मलद्रव्ये कुजवताना सूक्ष्मजीव पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. ठरावीक तापमानाला, ठरावीक दिवसांत किती ऑक्सिजन वापरला गेला, ते मोजले की पाणी किती घाण आहे याचा अंदाज येतो. बहुतेक पुस्तकांत तापमान २० अंश सेल्सिअस आणि मुदत पाच दिवस दिलेली असते. विद्यार्थी ते पाठ करतात.

पण वीसच अंश का? आणि पाचच दिवस का? याचे उत्तर इंग्लंडमध्ये आहे. तेथे सांडपाण्याच्या विल्हेवाटीचा विचार करण्यासाठी १८९८ साली एक राजकीय आयोग नेमला होता. त्याने ही कसोटी रूढ केली आणि १९१२ सालच्या आपल्या आठव्या अहवालात सांडपाण्यासाठी मर्यादा सुचवल्या. आयोगाने घेतलेले तापमान ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १८.३ अंश सेल्सिअस होते. तेथील उन्हाळ्यातील नदीच्या पाण्याला ते धरून होते. पुढे ते २० अंश असे पूर्णांकी करण्यात आले. पाच दिवसांचे कारण असे सांगितले जाते की, ब्रिटनमधील नदीचे पाणी साधारण तेवढ्या दिवसांत समुद्राला मिळते.

आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तिचे पाणी वर्षातील बराच काळ वीस अंशांपेक्षा पुष्कळ गरम असते. तापमान वाढले की सूक्ष्मजीवांचे काम वेगाने चालते आणि त्याच वेळी पाण्यात मावणारा ऑक्सिजनही कमी होतो. शुद्ध पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे गरम पाण्यातील नदीजवळ शिल्लक कमी आणि खर्च जास्त. भारतीय मानक संस्थेने १९९३ साली या कसोटीसाठी २७ अंश सेल्सिअस आणि तीन दिवस अशी पद्धत दिली ती यामुळेच. अधिक तापमानाला तीन दिवसांत येणारे उत्तर जुन्या पाच दिवसांच्या उत्तराच्या साधारण जवळपास जाते, आणि वीस अंशांवर नमुना ठेवण्यासाठी शीतकरणाची सोय करावी लागत नाही.

अभ्यासक्रमात लिहिलेला साधा आकडाही एखाद्या ठिकाणाहून आलेला असतो. हे विद्यार्थ्याला सांगायचे असेल तर वर्ग पुरत नाही. त्याने एप्रिल महिन्यात दुपारी नदीच्या पाण्यात तापमापक बुडवून पाहिला पाहिजे.

इंदिरानगरपासून सुरुवात केली तर

मी नाशिकच्या इंदिरानगर भागात राहते. पन्नास तासिकांतील शेवटच्या पाच तासिका येथून कशा वापरता येतील ते पाहू.

मुंबई-आग्रा महामार्गाने थोडे पुढे गेले की पांडवलेणी येते. त्रिरश्मी डोंगराच्या या काळ्या बेसाल्टमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीपासून लेणी खोदली गेली. दहाव्या लेण्यात उषवदाताचा प्रसिद्ध शिलालेख आहे. नद्यांवर त्याने लोकांसाठी विनामूल्य नावांची सोय केली, आणि हे लेणे व ही पाण्याची टाकी करविली, असे त्यात म्हटले आहे. पाण्याच्या टाक्यासाठी त्यात 'पोढी' हा शब्द येतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला लेख वाचता येईल. भूगोलाच्या विद्यार्थ्याला डोंगराचा उतार मोजून पाणी कोणत्या बाजूने उतरते ते काढता येईल. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला पायथ्याची लावलेली झाडे आणि वरची आपोआप उगवलेली झुडपे यांची तुलना करता येईल. सर्व शाखांसाठी एकच अभ्यासक्रम ही कागदावर अडचण वाटते. डोंगरावर मात्र तीच सोय ठरते, कारण प्रत्येकाला दुसऱ्याचे काही तरी हवे असते.

दुसऱ्या बाजूला नासर्डी आहे. नंदिनी हे तिचे नाव आता पुन्हा वापरात आणले जाते. सातपूरच्या बाजूने शहरात शिरून ती टाकळीजवळ गोदावरीला मिळते. अंतर फार नाही. विद्यार्थ्यांच्या पाच गटांनी पाच पुलांवर उभे राहून एकाच दिवशी, एकाच वेळी पाण्याचा रंग, वास, तापमान, फेस, काठावरचा कचरा आणि पाण्याला मिळणारे नाले एवढेच नोंदवले तरी नदीचा एक आलेख तयार होतो. प्रयोगशाळा उपलब्ध असेल तर विरघळलेला ऑक्सिजन विंकलरच्या अनुमापन पद्धतीने मोजता येतो. त्यासाठी लागणारी रसायने बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत असतातच. ज्यांना सहल काढणे शक्य आहे त्यांना निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ फार दूर नाही. धरणामुळे साठलेल्या गाळातून एक पाणथळ जागा कशी तयार झाली ते तेथे पाहता येते.

आता प्रत्यक्षात काय झाले ते पाहू. बहुतेक महाविद्यालयांत या विषयाला स्वतंत्र शिक्षक मिळाला नाही. ज्याच्या वेळापत्रकात जागा रिकामी, त्याच्याकडे हा विषय गेला. दीडशे-दोनशे मुलांचा वर्ग आणि शिक्षक एक, अशा स्थितीत क्षेत्रीय कामाची जागा 'प्रकल्पवही'ने घेतली. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात अशा वह्या पाहण्याचे काम माझ्याकडे आले होते. वह्यांचे मुखपृष्ठ रंगीत, अक्षर सुवाच्य. मात्र 'आमच्या परिसरातील पक्षी' या मथळ्याखाली चाळीसहून अधिक वह्यांत तीच यादी, त्याच क्रमाने होती आणि तीत माळढोकही होता! नाशिक शहराच्या गजबजलेल्या वस्तीत माळढोक कोठून येणार? मुलांनी यादी कोठून तरी उतरवली होती, हे शिक्षकालाही ठाऊक होते. विद्यार्थी किंवा शिक्षक आळशी होते असे मी म्हणणार नाही. पाच तासिका, दोनशे विद्यार्थी आणि वही तपासून गुण देण्याची सक्ती, या तिन्हींची बेरीज केली की हेच उत्तर येते.

यात खरे नुकसान कोणते झाले? १९९१ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या घरात होती. २०११ मध्ये ती जवळजवळ पंधरा लाख झाली. या काळात शहराच्या कडेची मळ्यांची जमीन इमारतींखाली गेली, नाले बंदिस्त झाले, विहिरी बुजल्या. हा अभ्यासक्रम सुरू होऊन दोन दशके झाली. दर वर्षी शहरातील हजारो विद्यार्थ्यांनी परिसराविषयी काही तरी लिहिले. त्यांतल्या शंभरांनी जरी एकाच पुलावरून, एकाच महिन्यात, खरी नोंद केली असती आणि ती जपली असती, तर आज नासर्डीचा वीस वर्षांचा इतिहास आपल्या हाती असता. २००८ सालच्या सप्टेंबरात आलेल्या महापुरानंतर पाणी कोणत्या गल्लीत कोणत्या पायरीपर्यंत चढले याची नोंद त्या वर्षीच्या वह्यांत सहज मिळाली असती. या वह्या निकाल लागल्यावर रद्दीत जातात.

कागद बदलला, पुढे काय?

विद्यार्थ्यांच्या निरीक्षणांना खरी किंमत आहे, हे आपल्याकडे नुसते बोलले गेले असे नाही, काही ठिकाणी करूनही पाहिले गेले. माधव गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात पश्चिम घाट परिसरातील महाविद्यालयीन शिक्षकांचे एक जाळे उभारून, त्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या मदतीने जैवविविधतेच्या नोंदी घेतल्या. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी एन.सी.ई.आर.टी.ने 'परिसर आणि शिक्षण' या विषयावर एक गट नेमला होता. त्याचेही प्रमुख गाडगीळ होते. मुलांनी परिसराची माहिती स्वतः गोळा करावी आणि ती सर्वांना पाहता येईल अशी साठवावी, हा विचार त्या गटाने मांडला.

पदवीचा अभ्यासक्रमही आता पूर्वीचा राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात तासिकांऐवजी श्रेयांकांची भाषा आहे. जो हवामान बदल पूर्वी एका ओळीत होता, त्याला स्वतंत्र घटक मिळाला आहे. आणि क्षेत्रीय काम व उदाहरणांचा अभ्यास यांसाठी पाचऐवजी तीस तास ठेवले आहेत. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांत नवे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. आराखड्यातील किती भाग प्रत्यक्ष वेळापत्रकात उतरतो हे विद्यापीठागणिक वेगळे आहे, तरी दिशा स्पष्ट आहे.

पाचाचे तीस तास झाले ही आनंदाची गोष्ट आहे. पण मागील अनुभव पाहता तास वाढल्याने काम आपोआप वाढेल असे मानता येत नाही. पाच तासांची जागा एका वहीने घेतली, तशी तीस तासांची जागा एक जाडजूड वही घेऊ शकते. ते टाळायचे तर काही गोष्टी शिक्षकांनाच कराव्या लागतील आणि त्यांसाठी अभ्यासमंडळाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

पहिली गोष्ट, दर वर्षी नवा 'प्रकल्प विषय' शोधू नये. एक जागा निवडावी, तीही चालत जाता येईल अशी, आणि दर वर्षी तीच पाहावी. पुनरावृत्ती हा येथे दोष नसून तोच या कामाचा गाभा आहे. दुसरी, प्रत्येक विद्यार्थ्याकडून स्वतंत्र वही न मागता गटाकडून एकच नोंदपत्रक घ्यावे. दोनशे वह्या कोणालाही वाचता येत नाहीत, वीस पत्रके वाचता येतात. तिसरी, नोंदीत तारीख, वेळ, नेमकी जागा आणि पाहणाऱ्याचे नाव असल्याशिवाय गुण देऊ नयेत. माळढोक जर पाहिला असेल, तर तो कोठे, कधी आणि कोणी, हे लिहावे लागले की यादी आपोआप खरी होते. चौथी, ही पत्रके ग्रंथालयात एका फाइलमध्ये ठेवावीत आणि नव्या तुकडीने आपले काम मागच्या तुकडीची पत्रके वाचून सुरू करावे. आपण लिहिलेले पुढच्या वर्षी कोणी तरी वाचणार आहे, एवढी एक गोष्ट कळली तरी विद्यार्थी वेगळ्या रीतीने लिहितो.

शाळेतील शिक्षकांनाही हे लागू आहे. आठवी-नववीची मुले शाळेच्या आवारातील झाडांना नवी पालवी आणि बहर केव्हा येतो एवढे दर आठवड्याला लिहू शकतात. पाच वर्षांची अशी नोंद एखाद्या संशोधकालाही उपयोगी पडेल.

मराठीला एम.ए.च्या परीक्षेत नेण्यासाठी रानड्यांना अनेक वर्षे खर्चावी लागली, कारण तेथे कागदच बदलायचा होता. पर्यावरणाच्या बाबतीत कागद आता अनुकूल आहे. त्यात तास आहेत, गुण आहेत आणि बाहेर जाण्याची स्पष्ट सूचनाही आहे. पुढच्या जूनमध्ये तो हाती येईल तेव्हा शेवटच्या घटकापासून वाचायला सुरुवात करावी, आणि आपल्या शाळा-महाविद्यालयापासून चालत पंधरा मिनिटांवर कोणता नाला, कोणती टेकडी, कोणती विहीर आहे याची यादी त्याच दिवशी करावी.